खान्देशी चव, कमी तेलात

खान्देशी जेवण म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला शेवभाजीवरचा लाल तवंग आठवतो. महामार्गावरच्या ढाब्यांनी ही ओळख पक्की केली आणि हळूहळू आपल्यालाही ती खरी वाटू लागली. धुळ्या-जळगावात पाहुणा जेवायला आला की रस्स्यावर तेल तरंगलंच पाहिजे, नाहीतर भाजी पाणचट झाली असं यजमानाला स्वतःलाच वाटतं. पुढे कधीतरी घरात कुणाचा रक्तदाब वाढतो, कुणाला साखर निघते, डॉक्टर तेल-मीठ कमी करायला सांगतात आणि एका घरात दोन स्वयंपाक सुरू होतात. आजारी माणसाचा फिका, बाकीच्यांचा झणझणीत. हे फार दिवस चालत नाही. ज्याने पन्नास वर्षं भरीत-भाकर खाल्ली त्याला उकडलेला दुधी किती दिवस गोड लागणार? तो परत शेवभाजीकडे वळतो आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

दोन स्वयंपाकांची गरजच नाही, हे सांगण्यासाठी हा लेख. आपल्या चवीचा गाभा जाळावर भाजण्यात, लसूण-मिरचीच्या ठेच्यात आणि काळ्या मसाल्यात आहे. तेल त्या चवीला वाहून नेतं. लसणाचा वास, मिरचीचा तिखटपणा, मसाल्याचा दर्प तेलात उतरतो आणि मगच जिभेला नीट कळतो. म्हणून तेल पुरतं वगळलं तर पदार्थ मुका होतो. पण एवढं काम चौघांच्या भाजीत दोन मोठे चमचे तेल चोख करतं. त्यापुढचं तेल वर तरंगतं आणि पोटात जातं, चवीत त्याची भर फारशी नसते.

आधी आपल्याकडे काय आहे ते मोजून घेऊ. फुणके घ्या. तुरीची डाळ किंवा मिश्र डाळी भिजवायच्या, मिरची-लसणासोबत जाडसर वाटायच्या, मुटके वळून वाफवायचे आणि कढीसोबत खायचे. तळणीचा संबंध नाही. डुबुकवडे उकळत्या रस्स्यात सोडले की तिथेच शिजतात. पाटोड्या म्हणजे मसाल्याच्या पाण्यात घट्ट शिजवलेलं बेसन, ताटावर थापून वड्या पाडलेलं. तेही तळत नाहीत. कळण्याची भाकर तव्यावर आणि जाळावर होते. डाळीचं पीठ, ज्वारी, उडीद, वांगी आणि पालेभाज्या ही रोजच्या ताटातली माणसं; तेलात पोहणारी शेव आणि पुऱ्या एरवी सणासुदीला किंवा पाहुण्यांसाठी येत. अपवादाचं रोजचं झालं, अडचण तिथून सुरू झाली. त्यामुळे निम्मी वाट नवं शिकण्याची नसून आजीच्या हातचं परत आठवण्याची आहे.

आता भरीत. याच्यावर जरा सविस्तर लिहिते, कारण खान्देशचा हिवाळा म्हणजे भरीत आणि आपलं सगळ्यात जास्त तेल न कळत जातं तेही इथेच. चंपाषष्ठी झाली की शेतात पार्ट्या सुरू होतात. बहिणाबाई चौधरींचं माहेर असलेलं आसोदे, बामणोद अशा गावांचं नाव भरताच्या वांग्यांशी जोडलेलं आहे. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मोठं, हिरवट, पांढरट छटेचं, बिया कमी आणि गर भरपूर असं हे वांगं मुळात अतिशय हलकं अन्न आहे. शंभर ग्रॅममध्ये पंचवीस-तीस उष्मांक. एक मोठा चमचा तेल मात्र एकटंच १२० उष्मांकांचं. म्हणजे भरताचं वजन वांग्याचं असलं तरी जडपणा सगळा फोडणीचा असतो.

वांगं निवडताना हातात घेऊन पाहा. आकारमानाच्या मानाने हलकं लागलं तर आत बिया कमी असण्याची शक्यता जास्त. भाजायला कपाशीच्या वाळलेल्या काड्या मिळाल्या तर उत्तम. तो धूर गरात मुरतो आणि त्या वासाने तेलाची उणीव निम्मी भरून निघते. शहरात गॅसवर भाजायचं असेल तर सुरीने तीन-चार ठिकाणी टोचा, एकेका भोकात लसणाची पाकळी खोचा आणि मोठ्या आचेवर सुरुवात करून मग आच मध्यम करा. घाई करणाऱ्यांचं वांगं वरून काळं आणि देठाशी कच्चं राहतं. देठाजवळ दाबल्यावर बोट सहज आत गेलं पाहिजे. भाजून झालं की लगेच सोलू नका. पातेल्यात घालून दहा मिनिटं झाका, म्हणजे साल आपोआप सुटते आणि धुराचा वास आत बसतो. नळाखाली धरून सोलण्याची सवय असेल तर ती आजच सोडा. सगळी चव मोरीत जाते. साल काढताना हात ओले करा, वांगं नाही. जळकी काळी टरफलं तेवढी नीट वेचून काढा, ती कडू लागतात आणि खाण्यासारखी नसतात.

सोललेल्या वांग्याला पाणी सुटतं. ते फेकायचं नाही. चाळणीत निथळून खाली जमलेलं पाणी छोट्या कढईत आटवा, चमचा-दीड चमचा दाट रस उरेल. तो परत भरतात घालायचा. भरीत पाणचट होण्याची भीती जाते आणि ते पाणी झाकण्यासाठी जास्तीचं तेल ओतावं लागत नाही.

मिरच्यांचं असंच आहे. आपण हिरव्या मिरच्या तेलात तळून काढतो. त्याऐवजी मिरच्या आणि अख्खी लसणाची गड्डी वांग्यासोबतच जाळावर भाजा किंवा तव्यावर कोरड्या परता, सालीवर डाग पडेपर्यंत. मग मिठासोबत ठेचा. आता एक किलो वांग्यांना दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं गोडं तेल घ्या, त्याहून जास्त नको. तेल चांगलं तापू द्या. आधी शेंगदाणे टाका, ते तांबूस झाले की झाऱ्याने काढून बाजूला ठेवा. त्याच तेलात लसूण-मिरचीचा ठेचा, मग चिरलेली कांद्याची पात. पातीचा हिरवा रंग जिवंत असतानाच ठेचलेलं वांगं घाला, आटवलेला रस घाला, पाच मिनिटं परता. शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप आणि भरपूर कोथिंबीर शेवटी. खोबऱ्याच्या कापांत हात आखडता घ्या. सुक्या खोबऱ्यात निम्म्याहून अधिक तेलच असतं, हे आपल्या सहसा लक्षात येत नाही.

वर कच्चं तेल घेण्याची आपली रीत मोडू नका, पण ते पातेल्यात ओतू नका. ताटात ज्याने त्याने अर्धा चहाचा चमचा घ्यावं. वर घातलेलं तेल जिभेला सगळ्यात आधी लागतं. पातेल्यातल्या चार चमच्यांनी होत नाही ते इथे अर्ध्या चमच्यात होतं.

भरतासोबत पुरी की भाकर? लेवा पाटीदारांच्या घरी भरीत-पुरीचा मान मोठा आहे आणि पार्टीच्या दिवशी पुरी खाऊ नका असं मी म्हणणार नाही. घरी आठवड्यातून दोनदा भरीत होत असेल तर मात्र कळण्याची भाकरच हवी. चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालासकट काळे उडीद, हे आपलं जुनं प्रमाण. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिनं असतात, उडदात २२ च्या आसपास, आणि तंतू तर उडदात ज्वारीच्या दुप्पट. शिवाय ज्वारीत जे एक महत्त्वाचं अमिनो आम्ल, लायसिन, कमी पडतं ते उडीद भरून काढतो. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं आणि शहरांतल्या दुकानांत ज्वारीच्या कुकीज आल्या. आपल्याकडे तर त्याहून सरस भाकर घरात होती. एक गोष्ट तेवढी बदला. कळणा दळताना धान्यातच मीठ घालण्याची पद्धत आहे. गिरणीत पाठवताना मीठ घालू नका. पीठ मळताना चिमूटभर घातलं तर किती गेलं ते आपल्या हातात राहतं, आणि घरात रक्तदाबाचा रुग्ण असेल तर त्याची भाकर बिनमिठाचीही करता येते. ठेचा आणि भरीत सोबत असताना तो फरक कळतही नाही.

तेल किती खावं याचा हिशेब एकदा करून टाकू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या सल्ल्याचा मथितार्थ असा की बैठं काम करणाऱ्या मोठ्या माणसाने दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम तेल-तूप वापरावं. चौघांच्या घराला महिन्याला ते ३ ते साडेतीन किलो पडतं. आपल्याकडे तेलाचा १५ किलोचा डबा भरायची सवय आहे. चौघांच्या घरात तो सव्वाचार ते पाच महिने टिकला पाहिजे. डबा उघडला त्या दिवसाची तारीख त्याच्यावर लिहा आणि कधी संपतो ते पाहा. अडीच महिन्यांत संपत असेल तर आपण दुपटीच्या जवळ आहोत, आणि बाहेर खाल्लेली भजी, कचोरी, केळ्याचे वेफर्स यांची मोजदाद त्यात धरलेलीच नाही. दिवसभर उन्हात निंदणी-वेचणी करणाऱ्या माणसाला दोन चमचे जास्त चालतील. दुकानात किंवा कचेरीत बसणाऱ्याला ते चालणार नाहीत. ताट एकच असलं तरी अंगमेहनत बदलली आहे, हे घरच्या कर्त्या बाईने आणि पुरुषाने दोघांनीही ध्यानात घ्यायला हवं.

शेवभाजीकडे वळू. पाकिटावर मागे छापलेला तक्ता वाचलात तर शेवेत शंभर ग्रॅममागे तीस-चाळीस ग्रॅम तेल दिसेल. मीठही कमी नसतं. म्हणजे रस्सा कितीही हलका केला तरी ताटात शेवेचा डोंगर असेल तर उपयोग नाही. दोन्ही बाजूंनी काम करावं लागतं.

रस्स्याचं आधी. कांदा तेलात तळू नका. सालीसकट थेट जाळावर ठेवा, बाहेरून कोळशासारखा आणि आतून मऊ होईपर्यंत. खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरून जाळावर फिरवा, कडेने पेट घेईल, फुंकून विझवा. खोबरं आपल्याच तेलात भाजलं जातं. चौघांना पाव वाटी खोबरं बास. दाटपणा कमी वाटला तर दोन चमचे फुटाण्याच्या डाळ्यांचं पीठ मिसळा. कांदा, खोबरं, आलं, लसूण आणि कोथिंबीर पाणी घालून अगदी गंधासारखं बारीक वाटा. वाटण जाडं राहिलं की रस्सा चोथा-पाणी होतो आणि तो एकजीव दिसावा म्हणून माणूस तेल वाढवतो. कमी तेलाच्या रस्स्याची अर्धी लढाई पाट्या-वरवंट्यावर किंवा मिक्सरमध्येच जिंकली जाते.

दोन मोठे चमचे तेल तापवा आणि त्यात वाटण घाला. ते खाली लागू लागेल. तेल वाढवायचा मोह आवरा आणि गरम पाण्याचा हबका मारा. लागलं की हबका, परता, पुन्हा लागलं की पुन्हा हबका. दहा-बारा मिनिटं तरी हे चालू द्या. ‘तेल सुटेपर्यंत परता’ ही नेहमीची खूण इथे चालत नाही, कारण सुटायला तेलच नाही. नाकावर भरवसा ठेवा. कच्च्या लसणाचा उग्र वास जाऊन भाजका, किंचित गोडसर वास येतो आणि वाटण कढईची कड सोडून गोळा होऊ लागतं. मग काळा मसाला घालून मिनिटभर परता आणि कढत पाणी ओता. गार पाणी घातलं की रस्सा बसतो. मंद आचेवर पंधरा मिनिटं उकळू द्या.

लाल रंगासाठी एक छोटी युक्ती. चहाचा एक चमचा तेल पळीत तापवून आचेवरून उतरवा, दहापर्यंत आकडे मोजा आणि मग त्यात कमी तिखट, जास्त रंगाची मिरचीपूड घाला. नंदुरबार-दोंडाईच्याच्या बाजारातून वर्षाची मिरची भरणाऱ्यांना अशी मिरची निवडून घेणं अवघड नाही. ही फोडणी रस्स्यावर शेवटी ओतून झाकण ठेवा. वर लाल चंद्रकोरी दिसतात, पाहुण्याचं मन भरतं. तेल उतरवण्याआधी पूड टाकलीत तर ती करपून तपकिरी होते, रंग येत नाही.

शेव प्रत्येकाच्या ताटात वाढतानाच घाला, माणशी एक मूठ. आधीच पातेल्यात टाकली तर ती रस्सा पिऊन फुगते, मग आणखी शेव आणि आणखी रस्सा लागतो. शेवेत मीठ असतंच, म्हणून रस्सा अळणीकडे झुकलेला ठेवा. पोट भरण्यासाठी रस्स्यात मोड आलेली मटकी किंवा शिजवलेले हरभरे घाला. आणि आठवड्यातून एकदा शेवेऐवजी पाटोड्या घालून पाहा. बेसन तेच, रस्सा तोच, तळण गेलं. माझ्या मते पाटोड्यांना रस्सा जास्त चांगला लागतो, कारण वडीच्या आत मसाला आधीच शिजलेला असतो.

वरण-बट्टीचं थोडक्यात सांगते. गव्हाच्या जाडसर पिठात चौथा हिस्सा ज्वारीचं किंवा मक्याचं जाडं पीठ मिसळा. अर्धा किलो पिठाला दोन मोठे चमचे मोहन, ओवा, जिरं, हळद. घट्ट मळून लोडे वळा आणि वीस-पंचवीस मिनिटं वाफवा. इथपर्यंत आपली नेहमीचीच रीत. गार झाल्यावर फोडी करून कढईत तळण्याऐवजी अप्पेपात्रात थेंब-थेंब तूप सोडून दोन्ही बाजूंनी खरपूस करा, किंवा ओव्हन असेल तर २०० अंशांवर वीस मिनिटं ठेवा. कड कुरकुरीत होते, आत मऊ राहते. तूप खाताना गरम बट्टीवर चमचाभर घ्या, तेव्हाच त्याचा वास येतो. ताटाची वाटणी उलटी करा: बट्टी कमी, तुरीचं वरण मोठी वाटी भरून आणि घोटलेली वांग्याची भाजी भरपूर. आपण अख्ख्या देशाला डाळ पुरवणाऱ्या जळगावच्या माणसांनी वरणात तरी कंजुषी करू नये.

एकदा तळलेलं तेल पुन्हापुन्हा तापवू नका. तेल जितक्या वेळा तापतं तितकी त्यात नको ती संयुगं साठतात. १ जुलै २०१८ पासून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने खाद्य व्यावसायिकांना ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांवर गेलेलं तेल वापरायला मनाई केली आहे. घरी मोजण्याचं यंत्र नसतं. म्हणून कमी तेलात, छोट्या कढईत तळा आणि उरलेलं गाळून दोन दिवसांत फोडण्यांना संपवा. काळपट, फेसाळ, चिकट झालेलं तेल टाकूनच द्यावं.

मिठाबद्दल आपण तेलाइतकं बोलत नाही, बोलायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे चहाचा एक लहान चमचा, सगळं धरून. आपल्या ताटात ठेचा, लोणचं, पापड, बिबडे, शेव अशी पाच खारट मंडळी एकाच वेळी बसतात. त्यांतली एक दिवसाला निवडा. ठेचा असेल तर लोणचं नको. बिबडे तळण्याऐवजी निखाऱ्यावर किंवा जाळीवर भाजा. भाजीत मीठ कमी करून वर लिंबू पिळलं तर जिभेला उणीव जाणवत नाही, आंबटपणा खारटपणाची जागा बरीच भरून काढतो. एकदम निम्मं करू नका. दर आठवड्याला थोडं थोडं कमी केलं तर महिन्या-दोन महिन्यांत जीभ रुळते आणि पूर्वीची भाजी खारट लागू लागते. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, पण त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किंवा रक्तदाबाची ठरावीक औषधं घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मूत्रपिंडाच्या रुग्णांना डाळींचं प्रमाणही डॉक्टरच ठरवून देतात, तेव्हा वर सांगितलेलं जास्तीचं वरण त्यांच्यासाठी नाही.

सणाच्या ताटाला मात्र हात लावू नका, हे माझं ठाम मत आहे. अखाजीला खापरावरचे मांडे आणि आमरस, कानबाईचे रोट, हे वर्षातून एकदा येतात. मांड्यात गुळाऐवजी गोळ्या घालून काही साधत नाही. मधुमेह असेल तर एक मांडा खा, आमरस वाटीऐवजी दोन चमचे घ्या, आधी कटाची आमटी आणि भाजी पोटात जाऊ द्या. औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी त्या दिवसाचं आधी विचारून ठेवावं.

राहिली संध्याकाळची खिचडी, जी धुळे-जळगावच्या घरांत आठवड्यातून दोन-तीनदा तरी होते. तांदूळ दोन वाट्या आणि तुरीची डाळ एक वाटी हे प्रमाण बदलून दोन्ही दीड-दीड वाटी करा. डाळ वाढली की पाणीही अर्धी-पाऊण वाटी वाढवा. शेंगदाणे मूठभर, कांदा, मेथी किंवा पालक चिरून कुकरमध्येच घाला, म्हणजे वेगळी भाजी करायला नको. फोडणी कुकरमध्ये करू नका, सगळं तेल भातात जिरून दिसेनासं होतं. वाढताना करा. चौघांना दोन मोठे चमचे तेल, त्यात दहा-बारा लसणाच्या पाकळ्या ठेचून, दोन सुक्या मिरच्या मोडून, आणि गरम खिचडीवर ज्याच्या त्याच्या ताटात अर्धा-अर्धा चमचा. सोबत पातळ ताकाची कढी आणि भाजलेला पापड. लसूण सोनेरी झाला की लगेच गॅस बंद करा. तापल्या तेलात तो पुढेही शिजत राहतो, आणि एकदा काळा पडला की फोडणी कडू होते; मग ती टाकून नवीन करावी लागते.